वैशाखऱ्याहून आलेली सायकल

ती सायकल माझ्याकडे आली जीपच्या टपावरून, सुतळीने बांधलेली. मुरबाड-टोकावडे रस्त्यावर माणसं भरणारी जीप सापगावात, आमच्या अंगणात कशी, म्हणून मी हातातलं काम टाकून उभा राहिलो. आधी ड्रायव्हर उतरला, मग पुढच्या सीटवरून त्याची बायको. पंचेचाळिशीच्या आसपासची, उंच, काटक बाई. तिने टपाकडे बोट केलं आणि मला विचारलं, "जुन्या रेसर सायकली जोडतात ते तुमीच ना दादा?"

मी मान हलवली. खरं तर तोवर मी फक्त चार सायकली जोडल्या होत्या.

त्याच्या दोन वर्षं आधी मुरबाडच्या कारखान्यातलं आमचं खातं बंद झालं होतं. सत्तावीस वर्षं मी तिथे फिटर होतो. बाकीची खाती चालू राहिली, त्यामुळे कंपनीची बस रोज सकाळी आमच्या दारावरून जायची आणि शेजारच्या दोघांना घेऊन जायची. बसचा आवाज आला की मी ओटीवरून उठून आत जाऊन बसायचो. बायको शिवणाच्या मशिनवर असायची. ती मान वर करून बघायची नाही, आणि त्याबद्दल मी अजून तिचे उपकार मानतो. शेत होतं, पण थोडं. भाताची आवणी आणि कापणी सोडली तर हाताला काम नव्हतं, आणि एवढी वर्षं यंत्रांत गेलेल्या माणसाला हात रिकामे ठेवणं जमत नाही.

एकदा पंपाचा एक तुकडा शोधायला शहापूरला भंगारवाल्याकडे गेलो होतो. ढिगाऱ्यात एक फ्रेम दिसली. आपल्या नेहमीच्या काळ्या, जडशीळ सायकलीची नव्हे, रेसरची. नळ्या बोटभर जाड, आणि दोन नळ्या जिथे मिळतात तिथे लोखंडाची टोपणं बसवलेली. मी नखाने गंज खरवडला तर टोपणाच्या कडेला पितळेची केसासारखी रेघ चमकली. नळी आत घालून, पितळ वितळवून झाळलेली होती. त्या टोपणाच्या कडा कुणीतरी कानशीने घासून पिंपळपानाच्या टोकासारख्या निमुळत्या केल्या होत्या. त्याने सायकलीची ताकद तसूभरही वाढत नाही. तरी त्याने घासल्या होत्या. मी आयुष्यभर सांधे जोडले, पण त्या नजरेने एकही सांधा पाहिला नव्हता. ती फ्रेम खांद्यावर टाकून मी घरी आलो.

तिला उभं करायला चार महिने लागले. पुढचा चिमटा एका सायकलीचा, मागचं चाक दुसरीचं, पायडल तिसरीचं, ब्रेक कुठल्या तरी चौथीचे. पूर्ण झाली त्या दिवशी बायकोने तिच्याभोवती एक फेरी मारली.

"सात सायकलींची एक केली तुमी," ती म्हणाली. "आता सातबाऱ्यावर नाव कुणाचं लावायचं?"

आम्ही दोघंही हसलो. घरात बऱ्याच दिवसांनी. त्यानंतर मी थांबलोच नाही. शहापूर, मुरबाड, कुठल्याही भंगारात रेसरचा तुकडा दिसला की तो घरी यायचा. गोठ्याच्या भिंतीवर चाकं टांगली गेली. गावात बातमी पसरली, आणि ती जीपमधल्या माणसांच्या तोंडून वैशाखऱ्यापर्यंत पोचली.

टपावरून उतरवलेली फ्रेम मी ओटीवर ठेवली. निळा रंग उडालेला, वरच्या बाजूला कोळ्याची जाळी. पायडलपासून हँडलकडे जाणाऱ्या तिरक्या नळीला बोटभर लांब चीर पडलेली होती.

"नवं घर बांधायला काढलंय," ड्रायव्हर म्हणाला. "माळा उतरवला तं ही सापडली. मी म्हटलं, भंगारात देऊ."

"आणि मी म्हटलं, एकदा बसून बघते, मंग दे," बाई म्हणाली.

चहा पिताना तिने सगळं सांगितलं. ती नववीत असताना शाळेत पीटीचे एक सर होते. त्यांनी तिला धाकट्या भावाला मागे बसवून, उभ्याने पायडल मारत चढ चढताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली स्वतःची जुनी रेसर तिच्या हातात दिली. मुरबाडला तालुक्याची शर्यत होती, तिच्यात ती मुलींमध्ये पहिली आली. मग जिल्ह्याच्या शर्यतीसाठी सराव करताना घाट उतरत होती, तर चाक खड्ड्यात गेलं.

"मला काय नाय झालं, कोपर फुटलं फक्त. हिलाच चीर पडली. सर म्हणाले, जोडून घेऊ. मंग त्यांची बदली झाली. जाताना म्हणाले, सायकल तुझ्याकडंच राहू दे. दोन वर्षांनी माझं लग्न झालं. गावातल्या गावात दिली, म्हणून ही पण माझ्यासंगं आली."

मी चिरेवर अंगठा फिरवला आणि म्हणालो, "होईल ताई. पंधरा दिवसांत."

हे मी का म्हणालो, असं मला नंतर पुष्कळदा वाटलं. तोवरच्या माझ्या चारही सायकली नट-बोल्टांच्या होत्या. फ्रेमला जाळ लावायची वेळ एकदाही आली नव्हती. कारखान्यात मी वेल्डिंग केलेलं होतं, पण ते मनगटाएवढ्या जाड पाइपांचं. ही नळी आतून पोकळ आणि पत्र्यासारखी पातळ. पण एक बाई एवढ्या लांबून विश्वासाने आली होती, आणि कुणीतरी मला काही विचारायला आलंय ही गोष्टच मला नवी झाली होती.

आठ दिवसांनी, भर दुपारी, मी अंगणात गॅसचा जाळ पेटवला. चीर घासून स्वच्छ केली होती, पितळेची कांडी हातात होती. लोखंड तापायला लागलं. मी बघत होतो, पण रंग काही बदलेना. म्हणून जाळ आणखी जवळ नेला. आणि एका क्षणात ती नळी ओल्या कागदासारखी आत बसली. कडेचा एक थेंब खाली मातीत पडला. मी जाळ बाजूला केला तेव्हा चिरेच्या जागी बोट जाईल एवढं भोक होतं.

मी कितीतरी वेळ तिथेच उकिडवा बसलो. आतून मशिनचा आवाज थांबला. बायको दारात आली, तिने बघितलं आणि आत गेली.

आणि मग मी खोटं बोललो. पंधरा दिवसांनी बाईचा फोन आला तेव्हा म्हणालो, "पार्ट मिळत नाय ताई, शोधतोय." ती म्हणाली, "चालंल दादा, सावकाश करा." परत आला तेव्हा परत तेच. दोन्ही वेळा तिच्या आवाजात जरासुद्धा शंका नव्हती. तिसऱ्यांदा फोन वाजला आणि मी तो तसाच वाजू दिला. बायकोने हातातली कात्री खाली ठेवली.

"भोक पडलंय हे तिला सांगायचं की नाय?"

"सांगतो. उद्या फोन करतो."

"फोनवर नको. फ्रेम घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी मी ती फ्रेम गोणपाटात गुंडाळली आणि एसटीने मुरबाडला गेलो. तिथून पुढे जीप. स्टँडवर तिच्या नवऱ्याची जीप उभी होती. तो मला दिसला, मी टपरीच्या आडोशाला गेलो. त्याची जीप भरून सुटली, मग मी मागच्या जीपमध्ये बसलो. बावन्नाव्या वर्षी मी असा लपत होतो.

वैशाखऱ्याला ती खळ्यावर भात झोडत होती. मला पाहून तिला आनंद झाला, आणि तोच मला सोसवेना. मी गोणपाट सोडलं. तिने पदराला हात पुसले, फ्रेम जवळ ओढली आणि भोकात बोट घातलं.

"ही चीर नाय," ती म्हणाली.

"नाय. हे मी केलं. महिना होऊन गेला. मी तुमाला खोटं सांगितलं."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती उठली, पेंढी उचलली आणि फळीवर झोडली. एकदा, दोनदा, चारदा. दाणे माझ्या पायापर्यंत उडत होते. मी उभाच होतो. शेवटी तिने रिकामी पेंढी बाजूला टाकली.

"सरांची होती ती," ती म्हणाली.

"हो."

"बाकीची कशी हाय?"

"बाकीची चांगली हाय. ही एकच नळी गेली."

"मंग दुसरीची नळी हिला बसंल?"

"मिळाली तं बसंल. पण ताई, जाळ परत मलाच लावायला लागंल."

"मंग आधी शिका," ती म्हणाली.

त्यात राग होता, पण त्यात दार लावून घेतलेलं नव्हतं. तिने मला पाणी दिलं आणि म्हणाली, मुरबाडला एक म्हातारे सायकलवाले असायचे, शर्यतीच्या दिवशी त्यांनीच तिच्या चाकात हवा भरली होती. असतील तर त्यांना ठाऊक असेल.

ते होते. आम्ही दोघं फ्रेम घेऊन मुरबाडला गेलो तर दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं टांगलेली, पण मागच्या पडवीत बाजेवर ते बसलेले. ऐंशीच्या पुढचे, डोळ्यांना धूसर दिसायचं. बाईने ओळख सांगायच्या आधीच त्यांनी फ्रेम मांडीवर घेतली आणि एकेका सांध्यावरून अंगठा फिरवला.

"ही मास्तरांची," ते म्हणाले. "मग तू ती वैशाखऱ्याची पोर. चपला हँडलला अडकवून आली होतीस."

"हो बाबा."

"पहिली आलीस आणि मग बक्षीस घ्यायच्या आधी चपला घातल्यास. मला हसू आलं होतं."

बाईने तोंडावर पदर धरला. ती हसत होती की काय, मला कळलं नाही.

मग त्यांचा अंगठा भोकावर आला. "हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो.

"उन्हात जाळ लावलास?"

"हो."

"येड्या. उन्हात लोखंडाचा रंग दिसतो होय? सावलीत करायचं. आधी टाकणखार लाव, सोनार लावतो तो. तो फुलंल, मग विरघळून काचेसारखा होईल. लोखंड तांबडं झालं की थांब. पितळ आपलं आपण आत पळतं. त्याला ढकलायचं नाय."

ऐकायला सोपं वाटलं. पडवीच्या माळ्यावर त्यांची एक रेसर फ्रेम पडून होती, पुढचा चिमटा ठोकर लागून वाकडा झालेली. तिची तिरकी नळी धड होती. ती त्यांनी मला दिली, पण एका अटीवर. आधी तुकड्यांवर शिकायचं, आणि ते म्हणतील तेव्हाच खऱ्या फ्रेमला हात लावायचा.

मी भंगारातल्या नळ्यांचे तुकडे केले. गोठ्याच्या कोपऱ्यात, जिथे ऊन येत नाही तिथे बसलो. एक तुकडा दुसऱ्यात घालायचा, झाळायचा, थंड झाला की करवतीने उभा चिरून आत बघायचं. पहिल्या सांध्यात पितळ बाहेरच गोळा होऊन बसलेलं, आत कोरडं. दुसऱ्यात जळून काळं पडलेलं. असे किती केले त्याचा हिशेब नाही. पण तांबड्याच्याही किती छटा असतात ते कळायला लागलं. आधी जांभळट, मग चिंचेच्या फुटव्यासारखा, मग पिकल्या करवंदाच्या आतला, आणि त्याच्या पुढे गेलं की संपलं. एका सकाळी एक तुकडा चिरला तर आत टोकापासून टोकापर्यंत पिवळी रेघ अखंड गेलेली होती. मी तसाच उठलो, तोंडसुद्धा न धुता एसटी पकडली आणि तो तुकडा म्हाताऱ्यांच्या हातात ठेवला.

त्यांनी नख फिरवलं. परत फिरवलं.

"लाव आता," ते म्हणाले.

ज्या दिवशी खरी नळी बसवायची होती, त्या दिवशी बाई सकाळच्या पहिल्या जीपने आली. मी म्हणालो, तुम्ही आत बसा, माझा हात थरथरेल. ती म्हणाली, "मी हितंच उभी राहते. थरथरला तं थांबा." बायकोने गोठ्याच्या तोंडाला मेणकापड लावून अंधार केला. मी जाळ पेटवला. टाकणखार फुलला, विरघळला, काचेसारखा झाला. लोखंड तांबडं झालं. मी कांडी टेकवली आणि पितळ पाण्यासारखं सांध्याभोवती पळालं, मागच्या बाजूने डोकावलं. मी काहीच केलं नव्हतं, फक्त योग्य वेळी थांबलो होतो. दुसऱ्या टोकालाही तसंच. मग थंड झाल्यावर पुढून मागेपर्यंत सुतळी ताणून बघितली. दोन्ही बाजूंचं अंतर सारखं. फ्रेम सरळ होती.

बायकोने चहा टाकला.

पुढचं काम मजेचं होतं. दोन्ही चाकं मी नव्याने बांधली, हब एकाचे, रिमा दुसऱ्याच्या. चाक फिरवत एकेक स्पोक पाव आटा ताणायचा आणि रिम डोलायची थांबते ते बघत बसायचं, यात माझी दुपार कशी जायची कळायचं नाही. पाच गियरचं फ्रीव्हील शहापूरला मिळालं. ते रात्रभर रॉकेलात भिजवल्यावर टिकटिक करायला लागलं. मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलवर गुंडाळायला बायकोने जाड सुती पट्टी शिवून दिली. रंग ड्रायव्हरने आणला, जीपला मारून उरलेला, सायीसारखा पांढरा. तो म्हणाला, "गंमत हाय, तिची आणि माझी गाडी एका रंगाची झाली."

बाई पहिल्यांदा बसली ती मुलीची ट्रॅक पँट घालून, वर कुर्ता. आमच्या अंगणात दोन पायडल मारली आणि पेंढ्याच्या ढिगात पडली. उठली, परत बसली, परत पडली. पातळ टायर, पुढे वाकलेलं अंग. एवढ्या वर्षांत शरीर विसरलं होतं. तिसऱ्यांदा ती पडली नाही. अंगणाला वळसा घालून रस्त्यावर गेली आणि दिसेनाशी झाली. मी कान लावून बसलो. माझ्या मनात एकच विचार होता, सांधा. पंधरा-वीस मिनिटांनी ती परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती धापा टाकत होती.

"भातसा नदीच्या पुलापर्यंत गेले," ती म्हणाली. मग हसली.

सायकल ती घेऊन गेली. मी बजावलं होतं, प्रत्येक फेरीनंतर फोन करायचा. पहिल्यांदा तिने टोकावड्यापर्यंत जाऊन फोन केला. "दादा, अजून जोडलेली हाय." मग सरळगावपर्यंत. "जोडलेली हाय." मग मुरबाडला, म्हाताऱ्यांच्या पडवीत. त्यांनी मागचं चाक उचलायला लावलं, फिरवायला लावलं, आणि डोळे मिटून फ्रीव्हीलची टिकटिक ऐकत राहिले. मग सांध्यावर अंगठा ठेवला. तिने त्यांचा फोटो मला पाठवला. तो मी अजून पुसलेला नाही. त्या पावसाळ्यात म्हातारे गेले. जायच्या आधी त्यांनी माळ्यावरचं उरलेलं सगळं सामान माझ्याकडे पाठवून दिलं. तीन पोती होती. डब्यांत बेअरिंगचे छर्रे, कोन, बारीक स्क्रू, ज्यांची दुकानं बंद होऊन काळ लोटला असे पार्ट. प्रत्येक डब्यावर खडूने आत काय आहे ते लिहिलेलं होतं, वाकड्या अक्षरांत, डोळे अधू झाल्यावरसुद्धा.

त्या सामानातून मी आतापर्यंत आणखी नऊ सायकली उभ्या केल्यात. फ्रेमा झाळायला आता कल्याणहूनही माणसं येतात. मी आधीच सांगतो, एक फ्रेम मी जाळलेली आहे. ते ऐकून एक जण परत गेला. बाकीचे थांबले.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळचे नऊ वाजले असतील. अंगणात ब्रेकचा आवाज आला म्हणून बाहेर आलो, तर ती बाई. वैशाखऱ्याहून सापगावपर्यंत, सरळगाव-किन्हवली करत, एकटी आली होती. फोन नाही, काही नाही. पाठीला बांधलेल्या पिशवीत नाचणीच्या भाकऱ्या आणि वालाचं कालवण होतं.

"बघायला आले सांधा कसा वाटतो तुमाला," ती म्हणाली.

मी बघितला. काही झालं नव्हतं. कुठेही केसभर रेघ नव्हती.

आम्ही तिघं ओटीवर जेवलो. जेवण झाल्यावर बायको उठून सायकलीपाशी गेली. सीटवर हात ठेवला, घंटी वाजवून बघितली. मग पाठमोरीच म्हणाली, "मला येईल काय गो?"

आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. तिला सायकल येत नाही हे मला ठाऊक होतं. तिला यावीशी वाटते, हे मला तेव्हा कळलं. घरात एवढ्या सायकली, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं.

"न यायला काय झालं," बाई म्हणाली. "पण हिच्यावर नको. लहान चाकाची हाय काय एखादी?"

गोठ्यात एक बुटकी फ्रेम होती. मी तिचं काम अर्धवट सोडलं होतं. मी पाना घेतला आणि तासाभरात ती चालेल एवढी केली. सीट अगदी खाली आणली, म्हणजे दोन्ही पाय जमिनीला टेकतील. बायकोने साडीचा काष्टा घातला. बाईने मागून सीट धरली.

मी पुढे झालो तर बायको म्हणाली, "तुमी नको. तुमी लांब उभे राहा."

म्हणून मी लांब उभा राहिलो, तुळशीच्या पलीकडे. ती हँडल घट्ट धरून, दात ओठांवर रोवून, नजर थेट चाकावर लावून निघाली. "खाली नको बघू गो, समोर बघ, समोर!" बाई ओरडत तिच्यामागे धावत होती. गेटपर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. दुसऱ्या फेरीला बाईचा हात सीटपासून सुटलेला मला दिसला. बायकोला अजून माहीत नव्हतं. ती तशीच, एकटी, गेटमधून बाहेर रस्त्यावर गेली.